बायपास यशस्वी झाली, मग पेशंट व्हेंटिलेटरवर का? त्या मशीनवरच्या आकड्यांचा अर्थ समजून घ्या

"ऑपरेशन व्यवस्थित झालंय. पेशंट आता व्हेंटिलेटरवर आहे."

बायपास किंवा हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन झालं की बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना साधारण हीच दोन वाक्यं ऐकायला मिळतात. पहिल्या वाक्याने जीव भांड्यात पडतो आणि दुसऱ्याने तो पुन्हा टांगणीला लागतो.

कारण आपल्याकडे 'व्हेंटिलेटर' हा शब्दच शेवटच्या घटकेशी जोडला गेलाय. २०१६ साली आलेल्या 'व्हेंटिलेटर' या मराठी चित्रपटात घरातलं एक वडीलधारं माणूस व्हेंटिलेटरवर जातं आणि अख्खा गोतावळा दवाखान्यात जमा होतो. पुढे कोरोनाच्या लाटांमध्ये तर हा शब्द घराघरात पोहोचला, तोही भीती घेऊनच.

पण हृदयाच्या ऑपरेशननंतरचा व्हेंटिलेटर हा वेगळा प्रकार आहे. इथे पेशंटची तब्येत अचानक ढासळली म्हणून मशीन लावलेलं नसतं. ते लावायचं हे ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. भूल देताना घशात घातलेली नळी ऑपरेशन संपल्यावर लगेच न काढता काही तास तशीच ठेवली जाते, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक पेशंटची ही नळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघते.

मग या काही तासांत ते मशीन काय करत असतं? स्क्रीनवर सतत बदलणारे ते आकडे कसले असतात? आणि पेशंटचं वजन किती यापेक्षा त्याची उंची किती, याला इथे एवढं महत्त्व का आहे? जाणून घेऊया.

व्हेंटिलेटर नेमकं काय करतो?

आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, छाती फुलते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटरचं काम याच्या उलट चालतं. तो हवा दाब देऊन आत ढकलतो. श्वास बाहेर सोडण्यासाठी मात्र त्याला काही करावं लागत नाही. दाब काढला की फुगलेली फुप्फुसं आपसूक बसतात आणि हवा बाहेर येते.

दाबाने श्वास देण्याची ही पद्धत जगभर रुजली ती पोलिओच्या एका साथीमुळे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात ही साथ आली तेव्हा अनेक पेशंटचे श्वासाचे स्नायूच लुळे पडले होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून त्यातून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायची युक्ती काढली. त्यासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आजचं अतिदक्षता विभाग नावाचं प्रकरण तिथूनच सुरू झालं असं मानलं जातं.

योगायोग म्हणजे पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून माणसाच्या हृदयावरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. आज हृदयाच्या ऑपरेशनमध्ये ही दोन्ही यंत्रं एकापाठोपाठ एक वापरली जातात. ऑपरेशन चालू असताना एक आणि त्यानंतर दुसरं.

ऑपरेशन हृदयाचं, मग फुप्फुसांना काय झालं?

हा प्रश्न अनेकांना पडतो. ऑपरेशन हृदयावर झालं असलं तरी त्याचा मार फुप्फुसांनाही बसतो. तो असा:

हृदय थांबवून ऑपरेशन करताना रक्तात प्राणवायू मिसळण्याचं काम बाहेरचं यंत्र करतं. तेवढा वेळ फुप्फुसं बहुधा रिकामी, बसलेली राहतात. नंतर ती पुन्हा फुगवली तरी त्यातले काही भाग, विशेषतः डावीकडचा खालचा भाग, मिटलेलेच राहू शकतात.

रक्त त्या यंत्राच्या नळ्यांमधून फिरून येतं, तेव्हा शरीरात सूज आणणारी प्रतिक्रिया सुरू होते. ती फुप्फुसांतही पोहोचते. त्यात ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या सलाइन आणि रक्ताची भर पडते आणि फुप्फुसांत पाणी साचू शकतं.

छातीचं मधलं हाड उघडून पुन्हा तारांनी बांधलेलं असतं. त्यामुळे खोल श्वास घेताना आणि खोकताना दुखतं. दुखतं म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो आणि उथळ श्वासामुळे फुप्फुसं आणखी बसतात.

हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर केलेल्या बायपासमध्ये बाहेरच्या यंत्राचा त्रास टळतो. पण भूल, छातीची जखम आणि वेदना तिथेही असतातच.

शिवाय ऑपरेशननंतरचे पहिले काही तास नाजूक असतात. शरीर थंड पडलेलं असतं, ते हळूहळू गरम करावं लागतं. छातीतल्या नळ्यांमधून रक्त किती येतंय यावर नजर ठेवावी लागते. फार रक्तस्राव झाला तर पेशंटला पुन्हा ओटीत न्यावं लागू शकतं. अशा वेळी श्वासाची सोय पक्की असलेली बरी, म्हणून नळी लगेच काढत नाहीत.

स्क्रीनवरचे आकडे काय सांगतात?

व्हेंटिलेटरवर बटणं आणि आकडे भरपूर दिसतात. पण समजून घेण्यासारखे आकडे मोजके आहेत.

१. टायडल व्हॉल्यूम: एका श्वासात किती हवा जाते, हे सांगणारा आकडा. तो मिलीलीटरमध्ये असतो. मोठ्या माणसांत तो साधारण ३०० ते ५०० च्या दरम्यान दिसतो. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीइतकी किंवा त्याहून थोडी कमी हवा.

२. रेट: मिनिटाला किती श्वास. सुरुवातीला तो साधारण १२ ते १६ ठेवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचं काम श्वासाचा आकार आणि श्वासांची संख्या मिळून करतात. पेशंटचं शरीर गरम व्हायला लागलं की कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, मग रेट वाढवावा लागतो. म्हणूनच पहिल्या काही तासांत हा आकडा बदललेला दिसला तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

३. एफआयओटू: आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे, हा आकडा. आपल्या नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो. ऑपरेशननंतर तो बहुधा ५०-६० टक्क्यांपासून सुरू करून, रक्तातली पातळी बघत, ४० किंवा त्याहून खाली आणतात.

"मग १०० टक्केच का देत नाहीत? ऑक्सिजन चांगलाच ना?" हा प्रश्न साहजिक आहे. हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नाही. तो फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांमध्ये, म्हणजे वायुकोशांमध्ये, राहतो आणि त्यांना उघडं ठेवतो. शुद्ध ऑक्सिजन मात्र रक्तात पटकन शोषला जातो आणि तो गेला की फुगा मिटतो. म्हणून ऑक्सिजनही लागतो तेवढाच दिला जातो.

४. पीप: श्वास पूर्ण सोडल्यानंतरही फुप्फुसांत जो थोडा दाब शिल्लक ठेवला जातो, तो हा. लहान मुलांचा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, पण थोडा फुगलेला फुगा पुढे सहज फुगतो. पीपचं कामही तेच. वायुकोश प्रत्येक श्वासाला पूर्ण मिटून पुन्हा उघडावे लागू नयेत, म्हणून ते थोडे फुगलेलेच ठेवायचे. सुरुवातीला हा आकडा बहुतेक ठिकाणी ५ च्या आसपास असतो.

५. प्लॅटू प्रेशर: हवा आत गेल्यावर क्षणभर थांबून मोजलेला फुप्फुसांतला दाब. तो ३० च्या खाली ठेवायचा असा सर्वसाधारण दंडक आहे. या दाबातून पीप वजा केला की मिळतो 'ड्रायव्हिंग प्रेशर'. तो १५ च्या खाली असावा, याकडे डॉक्टर लक्ष देतात. फुप्फुसं कडक झाली तर तेवढीच हवा ढकलायला जास्त दाब लागतो, ते या आकड्यांवरून कळतं.

यातला पहिला आकडा, म्हणजे टायडल व्हॉल्यूम, सगळ्यात साधा वाटतो. पण वैद्यकशास्त्राला सगळ्यात मोठा धडा त्यानेच शिकवला.

मोठा श्वास म्हणजे चांगला श्वास?

कित्येक वर्षं डॉक्टरांनाही असंच वाटायचं. पेशंटला भरपूर मोठा श्वास दिला की फुप्फुसं नीट उघडी राहतील, असा साधा हिशोब होता. शरीराच्या दर किलोमागे १० ते १५ मिलीलीटर हवा देणं ही तेव्हाची रीत होती. आपण शांत बसलेलो असताना मात्र एवढा मोठा श्वास घेत नाही.

२००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हे चित्र बदललं. फुप्फुसं गंभीररीत्या खराब झालेल्या ८६१ पेशंटना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला किलोमागे १२ मिलीलीटरचा श्वास आणि दुसऱ्याला ६ मिलीलीटरचा. मोठा श्वास मिळालेल्या गटात सुमारे ४० टक्के पेशंट दगावले, तर लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. औषध तेच, मशीन तेच. फक्त श्वासाचा आकार बदलल्यामुळे शंभरातले आठ-नऊ जीव वाचले.

कारण काय, तर गरजेपेक्षा जास्त ताणले गेलेले वायुकोश दुखावतात. त्यातून सूज निर्माण करणारी रसायनं रक्तात मिसळतात आणि मग किडनीसारख्या दूरच्या अवयवांवरही परिणाम होऊ शकतो. जीव वाचवण्यासाठी लावलेलं मशीनच चुकीच्या आकड्यामुळे इजा करू शकतं, हे तेव्हा ठळकपणे समोर आलं.

पण हा अभ्यास आधीच फुप्फुसं बिघडलेल्या पेशंटचा होता. बायपासच्या पेशंटची फुप्फुसं तर बऱ्यापैकी धडधाकट असतात, त्यांना काय फरक पडतो?

याचं उत्तर २०१२ साली कॅनडातल्या क्वेबेकमधल्या अभ्यासातून मिळालं. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या ३,४३४ पेशंटच्या नोंदी तिथे तपासल्या गेल्या. आयसीयूत ज्यांना किलोमागे १० मिलीलीटरपेक्षा मोठे श्वास दिले गेले होते, त्यांच्यात अवयव निकामी होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. अशा नोंदींवरून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण इशारा पुरेसा स्पष्ट होता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरजेपेक्षा मोठे श्वास मिळण्याची शक्यता दोन प्रकारच्या पेशंटमध्ये जास्त होती. एक स्त्रिया आणि दुसरे लठ्ठ पेशंट. असं का?

वजन नाही, उंची बघा

माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. चाळिशीत २० किलो वजन वाढलं तरी फुप्फुसं विशीत होती तेवढीच असतात. त्यांचा आकार मुख्यतः उंचीवर आणि पेशंट स्त्री आहे की पुरुष यावर अवलंबून असतो.

म्हणूनच किलोमागे किती हवा द्यायची, हे ठरवताना काट्यावरचं वजन धरायचं नसतं. उंचीवरून काढलेलं 'अपेक्षित वजन' धरायचं असतं. त्याचं सूत्र असं:

पुरुषांसाठी: ५० + ०.९१ × (सेंटीमीटरमधली उंची − १५२.४)

स्त्रियांसाठी: ४५.५ + ०.९१ × (सेंटीमीटरमधली उंची − १५२.४)

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका काकूंची उंची १५५ सेंटीमीटर आहे, म्हणजे जेमतेम पाच फूट एक इंच. वजन ८० किलो. सूत्राप्रमाणे त्यांचं अपेक्षित वजन येतं सुमारे ४८ किलो.

काट्यावरच्या वजनाला जुन्या पद्धतीने किलोमागे १० मिलीलीटर लावले, तर एका श्वासाला ८०० मिलीलीटर हवा होते. अपेक्षित वजनाला आजच्या पद्धतीने ६ ते ८ मिलीलीटर लावले, तर होते साधारण २९० ते ३८० मिलीलीटर. म्हणजे काकूंच्या फुप्फुसांना लागणाऱ्या हवेच्या दुपटीहून जास्त हवा दर मिनिटाला बारा-पंधरा वेळा आत ढकलली गेली असती.

वजन सोडा, सगळ्यांना सरसकट ५०० मिलीलीटर लावले तरी गोंधळ होतो. १७० सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन ६६ किलो. त्याला ५०० मिलीलीटर म्हणजे किलोमागे साडेसात, अगदी योग्य. तोच आकडा काकूंना लावला तर किलोमागे १० च्या वर जातो. सरासरी पुरुष डोळ्यांसमोर ठेवून लावलेल्या सेटिंगचा भुर्दंड कमी उंचीच्या बायकांना पडतो, तो असा.

म्हणून आज हृदयाच्या ऑपरेशननंतर अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलीलीटर ही चौकट सर्वसाधारणपणे वापरली जाते. आणि त्यासाठी लागते फक्त एक गोष्ट, नीट मोजलेली उंची.

मग श्वास जितका लहान तितका चांगला का?

तसंही नाही. कारण छातीच्या पिंजऱ्यात हृदय आणि फुप्फुसं शेजारी शेजारी राहतात. एकाला दाबलं की दुसऱ्याला कळतं.

श्वास फारच लहान किंवा फारच कमी दिले तर कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्त आम्लधर्मी होतं. त्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आखडतात. त्यांच्यात रक्त ढकलण्याचं काम हृदयाच्या उजव्या बाजूचं असतं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या हृदयाच्या उजव्या बाजूवर हा ताण आला तर ती थकू शकते.

दुसऱ्या टोकाला, पीप फार वाढवला तर छातीतला दाब वाढतो आणि शरीराकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयात रक्तच कमी आलं तर ते बाहेर तरी किती टाकणार? मग रक्तदाब उतरतो. पीप फार कमी ठेवला तर वायुकोश मिटतात.

योग्य पीप किती, यावर अजूनही एकमत नाही. २०१७ साली ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे, हृदयाच्या ऑपरेशननंतर ऑक्सिजन कमी पडलेल्या ३२० पेशंटचा अभ्यास झाला. त्यात फुप्फुसं जास्त दाबाने उघडण्याच्या पद्धतीमुळे फुप्फुसांच्या तक्रारींची तीव्रता कमी झाली. पण २०१९ साली फ्रान्समध्ये ४९३ पेशंटच्या अभ्यासात, सरसकट सगळ्यांची फुप्फुसं अशी उघडी ठेवण्याचा खास फायदा दिसला नाही. यातून डॉक्टर एवढंच घेतात, की ज्याची फुप्फुसं मिटली आहेत त्याला दाबाचा उपयोग होतो, पण तो सगळ्यांना सारखा देऊन चालत नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. रेट जास्त ठेवला तर आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा आत शिरतो आणि छातीत हवा कोंडत जाते. अशा पेशंटला मिनिटाला कमी श्वास देऊन, श्वास सोडायला जास्त वेळ देतात.

थोडक्यात, शेजारच्या बेडवरच्या पेशंटचे आकडे आणि आपल्या पेशंटचे आकडे वेगळे असले तर त्यात काही चुकलंय असं नाही. ते वेगळे असायलाच हवेत.

नळी कधी निघते?

१९८० च्या दशकापर्यंत हृदयाच्या ऑपरेशनसाठी मॉर्फीन किंवा फेंटानिलसारखी औषधं मोठ्या प्रमाणात द्यायची पद्धत होती. त्यामुळे पेशंट रात्रभर झोपलेला आणि मशीनवरच असायचा. १९९० च्या दशकात कमी वेळ टिकणारी भूल वापरून पेशंटला लवकर जागं करण्याकडे कल वाढला. २०१९ साली हृदय-शस्त्रक्रियेनंतर लवकर बरं होण्यासाठीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत शक्य असेल तिथे ऑपरेशननंतर ६ तासांच्या आत नळी काढावी असं सांगितलंय.

पण हे घड्याळ लावून करायचं काम नाही. नळी काढण्याआधी डॉक्टर साधारण या गोष्टी बघतात:

– पेशंट जागा आहे का? हात दाबा, मान उचला म्हटल्यावर करतो का?
– शरीर पुरेसं गरम झालंय का?
– छातीतल्या नळ्यांमधून येणारं रक्त कमी झालंय का?
– रक्तदाब आणि हृदयाचे ठोके स्थिर आहेत का?
– कमी ऑक्सिजन आणि कमी पीपवरही रक्त तपासणीचे आकडे चांगले आहेत का?
– खोकायला पुरेशी ताकद आहे का?

सगळं जुळलं की परीक्षा घेतात. मशीनची मदत अगदी कमी करून पेशंटला साधारण अर्धा तास स्वतः श्वास घेऊ देतात. या वेळी एक सोपा हिशोब उपयोगी पडतो. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर. पेशंट मिनिटाला २० श्वास घेतोय आणि प्रत्येक श्वास ०.४ लिटरचा आहे, तर उत्तर ५०. हे चांगलं लक्षण. तेच ३५ श्वास आणि प्रत्येकी पाव लिटर असतील, तर उत्तर १४०. म्हणजे पेशंट धापा टाकतोय, अजून वेळ आहे. १०५ च्या वरचा आकडा धोक्याचा मानतात.

परीक्षेत पास झाल्यावरही डॉक्टर सावध असतात. मशीनचा दाब एक प्रकारे कमजोर हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करत असतो. तो काढला की हृदयावरचं काम अचानक वाढतं. हृदयाची ताकद आधीच कमी असेल तर फुप्फुसांत पाणी येऊ शकतं. अशा पेशंटला नळी काढल्यावर काही काळ घट्ट मास्कचं बायपॅप मशीन किंवा नाकातून जोराने येणारा ऑक्सिजन लावतात.

"अजून नळी काढली नाही" म्हणजे काय?

२४ तासांच्या पुढे नळी राहिली तर त्याला लांबलेलं व्हेंटिलेशन म्हणतात. त्याची कारणं अनेक असतात. आधीपासून कमजोर हृदय, दमा किंवा धूम्रपानाने बिघडलेली फुप्फुसं, किडनीचा त्रास, जास्त रक्तस्राव, तातडीने करावं लागलेलं ऑपरेशन, न्यूमोनिया. कधी श्वासाच्या पडद्याकडे जाणारी नस ऑपरेशनमध्ये दुखावते आणि तो पडदा काही काळ नीट हलत नाही. फार दिवस लागणार असं दिसलं तर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालतात. तोंडातल्या नळीपेक्षा ती पेशंटला सोसायला सोपी जाते आणि नंतर काढताही येते.

उशीर होणं चांगलं नाही, कारण नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पण घाई करून काढलेली नळी पुन्हा घालावी लागणं त्याहून वाईट.

तीन गैरसमज

"व्हेंटिलेटरवर ठेवून मेलेला माणूसही जिवंत दाखवतात." व्हेंटिलेटर फक्त हवा ढकलतो. तो हृदय चालवत नाही. हृदय कायमचं बंद पडलं तर मॉनिटरवरचे ठोके, रक्तदाब आणि नाडी सगळंच थांबतं. हवा आत-बाहेर करत राहिल्याने ते परत सुरू होत नाही.

"पेशंट बोलत नाही, म्हणजे त्याला अर्धांगवायू झाला." नळी स्वरयंत्राच्या मधून जाते, त्यामुळे आवाज निघूच शकत नाही. नळी काढल्यावर एक-दोन दिवस घसा बसलेला आणि दुखरा राहू शकतो.

"पेशंटचे हात बांधलेत, त्याला छळतायत." अर्धवट शुद्धीत पेशंट नळी ओढून काढू शकतो. त्याने घशाला इजा होते आणि जीवही धोक्यात येतो. म्हणून काही वेळ हात सैलसर बांधावे लागू शकतात. का बांधलेत आणि कधी सोडणार, हे विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

नातेवाइकांनी काय करावं?

ऑपरेशन ठरलेलं असेल तर तयारी आधीपासून सुरू होते. विडी-सिगारेट बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं, म्हणजे स्पायरोमीटर, ऑपरेशनआधीच वापरायला शिकून घ्यावं. दमा, रात्री जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, यातलं काहीही असेल तर भूलतज्ज्ञांना न लपवता सांगावं. झोपेसाठी सीपॅप मशीन वापरत असाल तर ते सोबत न्यावं. आणि उंची "असेल साडेपाच फूट" अशी अंदाजे न सांगता मोजून सांगावी. त्या आकड्यावर काय काय ठरतं, ते वर पाहिलंच.

ऑपरेशननंतर डॉक्टर भेटले की "कसं आहे?" या एका प्रश्नाऐवजी चार नेमके प्रश्न विचारता येतात. पेशंट स्वतः श्वास घ्यायला लागलाय का? ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे, कालपेक्षा कमी झाला का? स्वतः श्वास घ्यायची परीक्षा कधी घेणार? नळी काढायला नेमकं काय आडवं येतंय? या प्रश्नांची उत्तरं ऐकली की पेशंट कुठल्या दिशेने चाललाय, हे घरच्यांना बऱ्यापैकी कळतं.

सेटिंग बदला असा आग्रह मात्र धरू नये. ते ठरवताना रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी असं बरंच काही एकत्र बघावं लागतं.

आणि भेटायला आत सोडलं तर पेशंटशी बोलावं. त्याला उत्तर देता येत नसलं तरी ऐकू येत असू शकतं. "ऑपरेशन चांगलं झालंय, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, थोड्या वेळात निघेल," एवढं ओळखीच्या आवाजात सांगितलं तरी गोंधळलेला पेशंट शांत व्हायला मदत होते. शांत पेशंटचा श्वास मशीनशी जुळतो, आणि नळी काढायचा रस्ता तिथूनच सुरू होतो.